आबांची गाडी ऑईल पिते

सकाळी 8. शटर अर्धं वर गेलं नाही तोवर आबा हजर. दुधाचे कॅन रिकामे, मागे निळसर धुराची शेपटी. "आठवड्याला अर्धा लिटर ऑईल पिती ही. रिंगा टाक आणि सांजच्याला दे. पहाटं धारा हायत माझ्या."

ऑईल पिणारी प्रत्येक गाडी रिंगाच मागत नाही. थंड इंजिन चालू करताना भपकन धूर आला, किंवा उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावर आला, तर मी आधी वॉल्व सीलवर संशय घेतो. आबांची गाडी रेस धरून ठेवली की सारखी धुरते. तरी प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. काटा सहावर अडकला. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल आत सोडलं, पुन्हा किका मारल्या, तर काटा नऊच्या पुढे. ऑईलने रिंगांची फट बुजली म्हणून दाब वाढला. वॉल्व गळत असता तर एवढा फरक पडला नसता.

साडेनऊ. मॅग्नेटवरची टी खूण जुळवली, टायमिंग चेन आत पडू नये म्हणून तारेने टांगली. हेड उतरलं, ब्लॉक निघाला. क्रँककेसच्या तोंडात आधी चिंधी कोंबायची, मग गजन पिनच्या लॉकला हात लावायचा. हा क्रम माझ्या हाताखालचा बारक्या गेल्या महिन्यात विसरला होता. आत पडलेलं लॉक शोधण्यात आख्खी दुपार गेली.

पिस्टन हातात घेतला. ऑईल रिंग खोबणीत काजळीने चिकटलेली, मागची भोकं बुजलेली. भिंतीवरून खरवडलेलं ऑईल खाली जाणार कुठून? ते वर जाऊन जळत होतं. मोडलेल्या जुन्या रिंगेचा तुकडा हे खोबणी साफ करायचं आमचं हत्यार. टोक जरा घासून घ्यायचं, नाहीतर ॲल्युमिनियमलाच चरा पडतो.

11. मूळ दुखणं एअर फिल्टरच्या डब्यात सापडलं. फिल्टरच नाही! "पिकअप मिळंना, म्हणून काढला," फोनवर आबा सहज म्हणाले. उसाच्या रस्त्याची धूळ थेट बोअरमध्ये. मग रिंगा काय करणार?

आता खरा प्रश्न : नुसत्या रिंगा, की बोअर मारून मोठा पिस्टन? नवी वरची रिंग पिस्टनने सरळ ढकलून बोअरच्या तळाशी बसवली, फिलर गेज घातला. गॅप 0.20 मिलिमीटर. तीच रिंग वर, जिथं झीज जास्त, तिथं 0.35. फरक 0.15, म्हणजे बोअरच्या व्यासात जेमतेम 0.05. उभा चरा नाही, पिस्टनही ठीक. आबांचे बोअरचे पैसे वाचले. बोअर याहून ढिला असता तर नव्या रिंगा टाकणं म्हणजे महिन्याभराची मलमपट्टी, आणि शिव्या मलाच.

लेथवाल्याकडून होनिंग करून आणलं. आरशासारख्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघांची जाळी उठली. त्या रेघांत ऑईल टिकतं, रिंगा तिथंच बसतात. परत येऊन साबणाच्या पाण्याने ब्लॉक घासला, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत.

3. जेवणानंतर रिंगा. आधी ऑईल रिंगेची नागमोडी पट्टी. तिची टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत, एकावर एक चढली तर सगळं मुसळ केरात. मग तिच्या वरखाली दोन पातळ पात्या. त्यानंतर काळपट दुसरी, शेवटी चकचकीत पहिली. अक्षराची खूण वर. तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. पिस्टनवरची 'इन' खूण इनलेटकडे, लॉक नवीन. बोटांनी रिंगा दाबत ब्लॉक वरून सरकवला. कुठं अडला की ठोकायचं नाही, मागं घ्यायचं.

साडेपाच. हेडचे नट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने आवळले. टायमिंग, टॅपेट, ताजं ऑईल, नवा फिल्टर. तिसऱ्या किकेला इंजिन बोललं आणि सायलेन्सरमधून ढगभर धूर.

आबांचं तोंड उतरलं. "आरं, अजून?"

"सायलेन्सरात साठलेलं जुनं ऑईल जळतंय, आबा. थांबा."

फेरी मारून आलो तेव्हा धूर विरला होता. "पहिले 500 किलोमीटर रेस पिळायची नाही, आणि भरलेले दोन्ही कॅन तर अजिबात नाहीत."

आबांनी कॅनांकडे पाहिलं. "मग दोन खेपा," म्हणाले, आणि एक कॅन माझ्याच गॅरेजात ठेवून गेले.