घरचा संगणक बिघडला? आधी कारण शोधा

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातही घरचा संगणक आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. मुलांचा प्रवेश, शिष्यवृत्ती, हजचा अर्ज, सातबारा, पीक विमा ही कामे त्यावरच होतात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तो बंद पडला की सारे घर धास्तावते. अशा वेळी घाबरून न जाता काही गोष्टी क्रमाने तपासाव्यात. बरेच बिघाड घरीच सापडतात, आणि दुकानात न्यावेच लागले तर नेमके काय झाले ते सांगता येते.

सुरूच होत नाही

सुरुवात भिंतीवरच्या बोर्डापासून करावी. वीज आहे का, हे मोबाईलचा चार्जर लावून पाहावे. मग यूपीएस वगळून संगणक थेट बोर्डाला जोडावा. तो चालला तर दोष यूपीएसमध्ये, बहुधा त्याच्या बॅटरीत आहे. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तर मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी. बीप-बीप आवाज येत असेल तर अनेकदा रॅम सैल झालेली असते. प्लग काढून रॅम बाहेर घ्यावी, तिची सोनेरी कड कोरड्या मऊ कापडाने पुसावी आणि खटक्याचा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवावी. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ धोकादायक विद्युतभार राहतो.

मध्येच बंद पडतो

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. आत धूळ साचली असेल तर प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून संगणक आपोआप बंद होतो. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढावी. कूलरच्या झोताखाली संगणक ठेवू नये. ओलसर हवेने आतले भाग गंजतात. मृगाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावे.

तारीख चुकते, साइट उघडत नाही

इंटरनेट चालू असूनही सरकारी साइट ‘सुरक्षित नाही’ असे सांगते. तेव्हा आधी पडद्यावरची तारीख पाहावी. ती चुकीची असेल तर साइटचे प्रमाणपत्र संगणकाला खोटे वाटते. तारीख दुरुस्त केल्यावरही रोज मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा बटणासारखा सेल संपला आहे. तो स्वस्तात मिळतो.

अक्षरे बिघडलेली दिसतात

मराठी फाइल उघडल्यावर भलतीच इंग्रजी चिन्हे दिसली तर तो व्हायरस समजू नये. मजकूर कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये असतो आणि तो फॉन्ट आपल्याकडे नसतो. उर्दूच्या इनपेज फाइलचेही तसेच. ती उघडायला ते सॉफ्टवेअर लागते. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवावी आणि आपण स्वतः युनिकोडमध्ये टाइप करावे.

खोटी भीती

पडद्यावर अचानक लाल इशारा येतो, भोंगा वाजतो आणि ‘या नंबरवर फोन करा’ असे दिसते. ही फसवणूक असते. फोन करू नये. ऑल्ट आणि एफ-४ दाबून खिडकी बंद करावी, न झाल्यास संगणकच बंद करावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

दुरुस्तीला देण्याआधी

हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक वेळी माहिती वाचण्याची शक्यता कमी होते. इतर बिघाडांत संगणक चालू होत असेल, तर आधी कागदपत्रे आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. घरातल्या स्त्रियांचे फोटो, आधारची प्रत, बँकेची कागदपत्रे दुकानात जाणाऱ्या संगणकावर ठेवू नयेत. जतन केलेले पासवर्डही काढून टाकावेत. विंडोज नव्याने टाकताना डिस्क कोरी होऊ शकते, हे दुकानदाराला आधीच विचारून घ्यावे.

इस्लामने अमानतीला फार मोठे स्थान दिले आहे. दुरुस्तीला आलेल्या संगणकातली माहिती ही कारागिराकडे अमानतच असते. आपल्यापैकी जे तरुण हा व्यवसाय करतात, त्यांनी गिऱ्हाइकाच्या फायली न उघडण्याचा नियम पाळला, तर त्यांच्या दुकानावरचा विश्वास आपोआप वाढेल.