सोसायटीचे दप्तर

(द्वितीय वर्ष, कला)

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत सर्व संस्थांची ओळख करून दिलेली असते. परंतु शहरातील असंख्य माणसे ज्या संस्थेच्या छपराखाली राहतात, तिच्याविषयी आपण फारसे काही शिकत नाही. ती म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था, आपल्या नेहमीच्या भाषेत 'सोसायटी'. गेले वर्षभर मी आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीचे लिखाणकाम विनावेतन करीत आहे. त्या अनुभवावरून या संस्थेची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

सोसायटीची कल्पना मुंबईला नवी नाही. सहकारी चळवळीतील एक आद्य कार्यकर्ते श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी भागात सारस्वत गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. एकेकट्याला परवडत नाही ते घर दहाजणांनी मिळून उभे करावे, हा त्यामागचा साधा विचार. आज आपल्या राज्यातील सोसायट्यांना १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम लागू आहे. २०१९ साली त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. या कायद्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : सभासदाचे घर लहान असो की मोठे, मत एकच. सर्वोच्च सत्ता सर्वसाधारण सभेची. समितीने त्या सभेच्या वतीने कारभार पाहायचा, मालकी गाजवायची नाही.

आता आमच्या इमारतीविषयी. १९९५ साली सुरू झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून उभी राहिलेली ही सात मजली इमारत. या योजनेत पात्र झोपडीधारकाला घर मोफत मिळते. प्रारंभी ते २२५ चौरस फुटांचे असे, पुढे २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फुटांचे झाले. घर मोफत मिळाले हे खरे, पण घर चालवणे मोफत नसते, हे वस्तीतून वर आलेल्या माणसांना उशिरा कळते. वस्तीत लिफ्ट नव्हती, पाणी वर चढवणारा पंप नव्हता, जिन्यातले दिवे नव्हते. इथे या सर्वांचे बिल दरमहा येते. ज्याच्या हाताला आज काम आहे आणि उद्या नाही, त्याला ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम भरणे किती जड जाते, हे मी माझ्या घरातच पाहिले आहे.

माझी आई चार घरी स्वयंपाकाची कामे करते. तिचे शिक्षण चौथीपर्यंत. कायद्याने समितीत दोन जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यांपैकी एका जागेवर ती निवडून आली. सही करण्याआधी कागद वाचून घेतला पाहिजे, हा तिचा आग्रह. आमच्या घरात कॉलेजात पोहोचलेली मी पहिलीच, म्हणून वाचण्याचे काम माझ्याकडे आले. पुढे समितीने इतिवृत्त लिहायलाही मलाच बसवले. मला तेथे मत नाही आणि मानधनही नाही.

इतिवृत्त म्हणजे सभेची हकीकत नव्हे. कोण हजर होते, कोणता ठराव आला, सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव एकमताने की बहुमताने, एवढे त्यात स्वच्छ यावे लागते. कोण कोणावर ओरडले हे लिहायचे नसते. (तसे लिहायचे असते तर वह्या पुरल्या नसत्या!) समितीची सभा महिन्यातून एकदा तरी व्हावी आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी, असा नियम आहे. वार्षिक सभेला गणपूर्ती झाली नाही तर ती तहकूब होते, आणि तहकूब सभेत मात्र हजर असतील तेवढ्यांवर निर्णय होतात. म्हणजे जो येत नाही, त्याच्या वतीने इतर ठरवतात. हे समजल्यापासून आमच्या मजल्यावरील बायका हातातले काम ठेवून सभेला येऊ लागल्या.

सर्वांत मोठा वाद लिफ्टचा. तळमजल्यावरच्या आजी म्हणायच्या, "मी कधी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही, मी पैसे का देऊ?" त्यांचा प्रश्न चुकीचा वाटत नाही. परंतु आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च, ती कोणी वापरो वा न वापरो, सर्व सभासदांत सारखा वाटला जातो. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का, अशी प्रत्येक रकमेची रीत ठरलेली आहे. गेल्या पावसाळ्यात दुरुस्तीला पैसे नव्हते म्हणून लिफ्ट नऊ दिवस बंद राहिली. सहाव्या मजल्यावरच्या एका काकांना डायलिसिससाठी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मुलांनी खाली उतरवले आणि परत वर चढवले. थकबाकी हा शब्द वहीत लहानसा दिसतो. जिन्यात त्याचे वजन कळते.

थकबाकीदारांचे पाणी तोडा, अशी सूचना त्या वेळी आली. परंतु पाणी ही जगण्याची गरज आहे आणि वसुलीची कायदेशीर वाट वेगळी आहे : आधी नोटीस, मग निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. आई सभेत म्हणाली, "नोटीस द्या, पण त्याआधी हिशेब तर सांगा. बिलावरचा आकडा कशाचा आहे हे किती जणांना ठाऊक आहे?" तेव्हा ठरले की वर्षभराचा जमाखर्च सोप्या मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून जिन्याखाली लावायचा. लिफ्टला किती, पंपाच्या विजेला किती, सफाईला किती, हे सर्व मी तक्त्यावर लिहिले. दोन रविवार मी आणि आई दारोदार जाऊन तो समजावून सांगत होतो. काहींनी हप्त्याने पैसे भरण्याचे लिहून दिले. काहींनी दार लावून घेतले. सर्व थकबाकी फिटली असे नाही, परंतु लिफ्टच्या देखभालीचा करार पुन्हा झाला. आजींनीही आपला वाटा भरला. मात्र भरण्यापूर्वी तक्त्यातील प्रत्येक आकडा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

यावरून मला एक गोष्ट पटली. पैसे न भरणारा प्रत्येकजण लबाड नसतो. पुष्कळदा त्याला आपण कशाचे पैसे देतो हेच कोणी सांगितलेले नसते, आणि न कळणाऱ्या कागदावर गरीब माणूस विश्वास ठेवीत नाही. उपविधी, इतिवृत्त, हिशेबपत्रक हे पाहण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक सभासदाला दिला आहे. परंतु ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी तो हक्क कपाटातच राहतो. दप्तर उघडून वाचून दाखवणारे कोणीतरी लागते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखे घरातील पहिले शिकणारे आहेत. शिकून काय उपयोग, असे आपल्याला अधूनमधून ऐकावे लागते. आपल्या इमारतीची वार्षिक सभा केव्हा आहे, याची चौकशी करा. आई-वडिलांबरोबर सभेला जा, हिशेबपत्रक मागून घ्या आणि त्यांना वाचून दाखवा. त्याला पदवी मिळेपर्यंत थांबावे लागत नाही.