गोळीतला डिंक, काळजाचा ठोका

सासूबाईंना गोळी गिळवत नाही, म्हणून सूनबाई ती दोन चमच्यांमध्ये दाबून तिचा चुरा करते आणि मधातून चाटवते. हेतू चांगलाच. पण गोळी रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची असेल आणि तिच्या नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सएल’ किंवा ‘रिटार्ड’ अशी अक्षरं असतील, तर मामला गंभीर होतो. बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू मिळायचं औषध थोड्याच वेळात रक्तात उतरतं. रक्तदाब एकदम खाली येतो. काही औषधांनी नाडीही मंदावते. चक्कर येऊन म्हातारं माणूस पडतं.

असं होतं, कारण या गोळीत औषधाइतकंच काम असतं ते औषध धरून ठेवणाऱ्या पदार्थाचं. आणि हा पदार्थ पुष्कळदा वनस्पतींपासून आलेला असतो.

झाडपाला आणि हृदयविकार यांचं नातं तसं जुनं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं फॉक्सग्लव्ह या झाडाच्या औषधी उपयोगावर १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच कुळातून पुढे डिगॉक्सिन आलं. इथं मात्र झाडाची भूमिका निराळी आहे. औषध कारखान्यात तयार झालेलं, झाड फक्त हमाल!

हा हमाल काम कसं करतो, ते स्वयंपाकघरात पाहता येतं. वाटीभर पाण्यात चमचाभर इसबगोल टाका. थोड्या वेळात त्याचा बुळबुळीत, घट्ट गोळा होतो. आता त्या भुशीत औषध मिसळून ती दाबून गोळी केली आहे, अशी कल्पना करा. पोटात पाणी लागताच गोळीचा बाहेरचा थर फुगतो आणि चिकट होतो. आतल्या औषधाला त्या चिखलातून वाट काढत बाहेर यावं लागतं. वरचा थर झिजला की खालचा फुगतो. असं तासन् तास चालतं. गोळी कुटली की हा बांधच फुटतो.

औषध कारखान्यांत या कामासाठी सर्वांत जास्त चालतं ते हायप्रोमेलोज. लाकडाचा लगदा किंवा सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू यांतून सेल्युलोज काढतात आणि त्यावर रासायनिक प्रक्रिया करून ही पूड बनवतात. दुसरा उमेदवार आपल्या ताटातला, गवार! तिच्या बियांपासून मिळणारा डिंक पाण्यात भरपूर फुगतो. गवारीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आणि भारतात राजस्थान पुढे. हाच डिंक आइस्क्रीममध्ये जातो आणि तेलविहिरींतही.

पण एवढी उठाठेव कशासाठी? निफेडिपिनची गोष्ट पाहा. हे रक्तदाबाचं औषध शरीरात फार काळ टिकत नाही, साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. एके काळी रक्तदाब चढला की त्याची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची सर्रास पद्धत होती. आकडा झटकन उतरायचा आणि सगळे खूश व्हायचे. पण काही रुग्णांत तो इतका घसरला की हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात झाले. १९९६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ही पद्धत थांबवावी, असा सूर निघाला. तेच औषध सावकाश सुटणाऱ्या गोळीतून मात्र आजही दिलं जातं.

मेटोप्रोलॉलची अडचण वेगळी. ते पाण्यात इतकं चटकन विरघळतं की साध्या डिंकातून भराभर निसटतं. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ च्या सुमारास त्यावर तोड काढली. गवारीच्या डिंकात औषध मिसळून मधला थर केला आणि वर-खाली नुसत्या डिंकाचे थर दिले. अगदी सँडविच! औषधाचा बाहेर येण्याचा वेग त्यामुळे आटोक्यात आला. मात्र निसर्गाचा माल दरवेळी एकसारखा येत नाही. डिंकाचा घट्टपणा पिकागणिक बदलतो, त्यात जंतू वाढू शकतात. म्हणून कारखानदार अजून हायप्रोमेलोजकडेच जास्त झुकतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतं असंही नाही.

सगळ्याच गोळ्यांना एक नियम लागू नाही. मेटोप्रोलॉलच्या काही गोळ्यांत शेकडो बारीक मणी असतात आणि प्रत्येकावर स्वतंत्र आवरण असतं. अशा गोळीवर मधोमध रेघ असेल तर ती अर्धी करता येते, पण चावता किंवा कुटता येत नाही. गिळायला त्रास होत असेल, नाकातून नळी घातलेली असेल, तर डॉक्टरांना तसं सांगावं. ते दिवसातून दोन-तीनदा घ्यायची साधी गोळी किंवा दुसरं औषध देऊ शकतात.

आणखी एक प्रकार ऐकून ठेवलेला बरा. निफेडिपिनच्या काही गोळ्यांना सेल्युलोज अॅसिटेटचं, म्हणजे पुन्हा वनस्पतीजन्यच, कवच असतं आणि त्याला लेसरनं पाडलेलं बारीक भोक. पाणी कवचातून आत शिरतं आणि औषध त्या भोकातून बाहेर ढकललं जातं. कवच मात्र विरघळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शौचातून अख्खी गोळी पडलेली पाहून घरचे हबकतात, औषध लागू पडलंच नाही म्हणतात आणि आणखी एक गोळी देऊन मोकळे होतात. पण पडलेलं ते असतं नुसतं टरफल. औषध केव्हाच पोटात गेलेलं असतं.