ती ममी फिरऔनची नव्हे

अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या कुटुंबांचे हैदराबादला जाणे-येणे असते. नातीगोती आहेत, शिवाय जुना धागाही आहे: 1936 पासून निजामांच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत आणि हे बेरार म्हणजे आपले वऱ्हाडच. तिथल्या बाग-ए-आममधील संग्रहालयात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिलेली इजिप्तची ममी आहे. काचेपाशी मुले विचारतात, “हाच का फिरऔन?” मोठी माणसे “हो” म्हणून मोकळी होतात.

उत्तर चुकीचे आहे. ती नायशू नावाच्या तरुण मुलीची ममी मानली जाते. फिरऔन ही तर राजाची पदवी.

त्या लोकांचे देव पुष्कळ. सूर्यदेव रा, मृतांचा राजा ओसिरिस, त्याची पत्नी इसिस, ससाण्याच्या तोंडाचा मुलगा होरस. जिवंत राजा होरसचेच रूप आणि रा याचा पुत्र समजला जाई. हजरत मूसा (अलै.) यांच्यासमोर फिरऔन स्वतःला रब म्हणवतो, ते यावरून उमगते.

मृताचे हृदय तराजूत तोलले जाते, अशी त्यांची समजूत होती. दुसऱ्या पारड्यात सत्याची देवी मात हिचे पीस. हृदय जड भरले तर मगरतोंडी अम्मित ते गिळून टाकी. म्हणून ममी करताना मेंदू काढून टाकत, हृदय मात्र शरीरातच ठेवत.

हे ऐकून आमच्या घरातली धाकटी म्हणाली, “मीजानसारखंच की!” तराजू दिसायला सारखाच. पण तिथे मृताच्या छातीवर दगडी भुंगा ठेवत आणि त्यावर मंत्र कोरत, हृदयाने मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून.