पावासाठी कापडी पिशवी

घरी भाजलेल्या पावाची कुरकुरीत साल प्लॅस्टिकमध्ये लवकर मऊ पडते आणि कोंडलेल्या ओलाव्यामुळे बुरशीही धरते. सुती किंवा लिननच्या पिशवीतून हा ओलावा हळूहळू बाहेर जातो.

पिशवीसाठी घट्ट विणीचा, न रंगवलेला मांजरपाट चांगला. कापण्यापूर्वी तो गरम पाण्यात धुऊन आटवून घ्यावा. सुमारे २५ सेंमी लांब आणि १२ सेंमी रुंद व उंच पावासाठी ३२ सेंमी रुंद, ८६ सेंमी लांब तुकडा पुरतो. तो मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवाव्यात. सुटे धागे पावाला चिकटू नयेत म्हणून कडा दुहेरी शिलाईत बंद कराव्यात. तोंडाशी ३ सेंमीचा नेफा करून त्यात सुती नाडी ओवावी.

पाव पूर्ण निवल्यावरच पिशवीत ठेवावा. गरम पावाची वाफ कापड ओले करते. चुरा नियमित झटकावा. पिशवी उलटी करून सौम्य साबणाने गरम पाण्यात धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. सुगंधी द्रव्ये वापरू नयेत, त्यांचा वास पावात उतरतो.

कोकणासारख्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, एक-दोन दिवसांत संपेल एवढाच पाव पिशवीत ठेवावा. उरलेल्याचे काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत.