मलेशियन मैत्रिणीचा भात आणि आपली आंबेमोहोराची पात

रविवारी लीड्समधल्या आमच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात थेट कोकणातल्या आजीच्या घरचा वास दरवळला!

शेजारच्या खोलीतली मलेशियन मैत्रीण ‘नासी लमाक’ करत होती. नासी म्हणजे भात. तो नारळाच्या दुधात शिजवायचा आणि त्यात पांदानच्या पानाची गाठ टाकायची. सोबत तिखट सांबाल चटणी, तळलेली सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी, अंडं.

“घरची आठवण आली की हाच भात लावते,” ती म्हणाली.

हे पांदान म्हणजे आपल्या परसातली आंबेमोहोराची पात, केवड्याच्या कुळातली! बासमती आणि आंबेमोहोर तांदळाला ज्या संयुगामुळे सुगंध येतो, तेच या पानातही असतं.

परदेशात आशियाई दुकानांत ही पानं गोठवलेली मिळतात. साध्या भातात एक घालून बघा.

तुमच्याकडे या पातीला काय म्हणतात?