महिला आणि मुष्टियुद्ध : दोन मतप्रवाह

मुष्टियुद्धाच्या स्पर्धेत स्त्रियांनी उतरावे काय, याविषयी अद्याप मतैक्य नाही. हा खेळ स्त्रीच्या प्रकृतीस मानवणारा नाही, असे एक मत आहे. मासिक पाळीमुळे स्त्रियांचे मन अस्थिर होते, असा युक्तिवाद ब्रिटनच्या मुष्टियुद्ध नियामक मंडळाने जेन काउच यांना व्यावसायिक परवाना नाकारताना केला होता. १९९८ मध्ये न्यायाधिकरणाने काउच यांच्या बाजूने निकाल दिला.

डोक्यावरील आघातांमुळे मेंदूस कायमची इजा संभवते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. तथापि, तो केवळ स्त्रियांपुरता नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८३ मध्ये मुष्टियुद्धावर बंदीची शिफारस केली, ती सर्वांसाठीच होती.

संधी मिळाल्यास स्त्रिया मागे राहत नाहीत, असे समर्थक सांगतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी प्रथमच तीन वजनगट ठेवण्यात आले. त्यात दोन मुलांची आई असलेल्या मणिपूरच्या मेरी कोम यांनी कांस्यपदक पटकाविले.

तेव्हा गावातील मुलीने या खेळाची इच्छा व्यक्त केल्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी प्रथम पाहावे ते असे : प्रशिक्षक जाणकार आहे काय? वैद्यकीय तपासणी होते काय? डोक्यास मार लागल्यास सक्तीची विश्रांती दिली जाते काय? मुलग्यांच्या बाबतीतही हेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत.